ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे पीसी कोसळतोय: नवीन कार्ड घ्यायच्या आधी काय तपासायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही लग्नाच्या व्हिडिओंचं एडिटिंग करता. पीसी चार वर्षं जुना आहे: रायझन ५ ३६०० प्रोसेसर, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, विंडोज ११. गेल्या काही आठवड्यांपासून काम चालू असताना स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होते, परत येते, आणि तोवर एडिटिंगचं सॉफ्टवेअर बंद पडलेलं असतं. कधी थेट निळी स्क्रीन येते आणि तिच्यावर 'व्हिडिओ टीडीआर फेल्युअर' असं असतं. जवळच्या दुकानदाराने फॉरमॅट मारून दिला, चार दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. आता तो म्हणतो, कार्ड गेलं, नवीन घ्या. घ्यावं का?

लगेच घेऊ नका. तुमच्या सांगण्यात एक फार कामाचा धागा आहे, तो म्हणजे फॉरमॅटनंतरचे ते चार दिवस. कार्डावरची चिप खरोखर खराब झाली असती, तर फॉरमॅटमुळे तिला फरक पडायचं काही कारण नव्हतं. ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि कार्ड यांच्यातला दुवा असणारं सॉफ्टवेअर. फॉरमॅट झाल्यावर दुकानदार बहुतेक वेळा पेनड्राइव्हवरचा जुना ड्रायव्हर टाकतो, नाहीतर विंडोज आपल्याजवळचा साधा ड्रायव्हर लावतं. पुढे इंटरनेट मिळालं की विंडोज अपडेट न विचारता दुसरा ड्रायव्हर आणून बसवतं. ते चार दिवस बहुधा पहिल्या ड्रायव्हरचे होते. बहुधा म्हणतोय, कारण त्या दिवसांत तुम्ही सॉफ्टवेअर परत टाकत असाल, बॅकअप कॉपी करत असाल आणि कार्डावर खरा ताण आलाच नसेल, असंही होऊ शकतं. तेव्हा संशय ड्रायव्हरवर आहे, पण तो आधी पुराव्याने पक्का करायचा किंवा खोडून काढायचा. पैसे खर्च करायचे ते त्यानंतर.

आधी ती निळी स्क्रीन नेमकं काय म्हणते ते समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. विंडोज एक्सपीच्या काळात ग्राफिक्स ड्रायव्हर जवळजवळ सगळाच कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या अगदी गाभ्यात, चालायचा. तो अडकला की अख्खा पीसी अडकायचा. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने ही रचना बदलली. ड्रायव्हरचा मोठा भाग कर्नलच्या बाहेर काढला आणि कार्डावर एक पहारा बसवला. त्या पहाऱ्याचं नाव टीडीआर, म्हणजे टाइमआउट डिटेक्शन अँड रिकव्हरी. विंडोज कार्डाला काम देतं. ते काम २ सेकंदांत हातावेगळं झालं नाही आणि मध्येच सोडायला सांगूनही कार्डाने ते सोडलं नाही, तर कार्ड अडकलंय असं धरून विंडोज कार्ड आणि ड्रायव्हर दोन्ही रीसेट करतं. स्क्रीन काळी होते ती या वेळी. रीसेट जमला तर डेस्कटॉप परत येतो, पण कार्डाच्या मेमरीत जे काही होतं ते गेलेलं असतं, म्हणून तुमचं सॉफ्टवेअर कोसळतं. रीसेट जमलाच नाही, किंवा ६० सेकंदांत ५ पेक्षा जास्त वेळा हेच घडलं, तर विंडोज नाद सोडतं आणि निळी स्क्रीन दाखवतं. तिचा स्टॉप कोड ११६.

इथे एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. विंडोजला फक्त एवढंच कळलेलं असतं की उत्तर आलं नाही. का आलं नाही, ते त्याला माहीत नसतं. ड्रायव्हरने कार्डाला चुकीची आज्ञा दिली असेल, चिप तापली असेल, एसएमपीएसने (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याने) ऐन वेळी व्होल्टेज पाडलं असेल, रॅममधून चुकीचा आकडा आला असेल, किंवा सॉफ्टवेअरने खरोखरच दोन सेकंदांत न होणारं काम दिलं असेल. या सगळ्या प्रकारांत अहवालात नाव मात्र एकच येतं: एनव्हिडियाच्या ड्रायव्हरची फाइल 'एनव्हीएलडीडीएमकेएम'. एएमडीचं कार्ड असेल तर 'एएमडीकेएमडीएजी', इंटेलचं असेल तर 'आयजीडीकेएमडी'ने सुरू होणारं नाव. पंचनाम्यात नाव आलं म्हणून माणूस गुन्हेगार ठरत नाही, तसंच हे.

याचा अर्थ ड्रायव्हर धुतल्या तांदळासारखे असतात असा नाही. व्हिस्टावरून अमेरिकेत चाललेल्या एका खटल्यात मायक्रोसॉफ्टची अंतर्गत कागदपत्रं २००८ मध्ये उघड झाली. त्यांत २००७ मध्ये नोंदवलेल्या क्रॅशपैकी सुमारे २९ टक्के एनव्हिडियाच्या ड्रायव्हरच्या नावावर होते. मार्च २०१० मध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला, कारण तो टाकल्यावर काही कार्डांचे पंखे वेग घेईनात आणि कार्डं तापू लागली. नोव्हेंबर २०१५ मध्ये एएमडीच्या क्रिमसन या ड्रायव्हरमध्ये पंख्याचाच दोष निघाला आणि काही दिवसांत दुरुस्त ड्रायव्हर द्यावा लागला. २०२५ च्या सुरुवातीला आरटीएक्स ५० मालिकेबरोबर ५७२ क्रमांकाचे ड्रायव्हर आले आणि काळ्या स्क्रीनच्या तक्रारी सुरू झाल्या. जुनी कार्डं वापरणारे पुष्कळ जण डिसेंबर २०२४ च्या ५६६.३६ वर परत गेले, आणि एप्रिल २०२५ मध्ये ५७६.०२ बरोबर एनव्हिडियाने दुरुस्त्यांची भलीमोठी यादी दिली. तेव्हा 'नवीनच ड्रायव्हर आहे, तो कसा खराब असेल' हे म्हणणं टिकत नाही.

पण उलट बाजूचं उदाहरणही तेवढंच ठळक आहे. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरवर गेम उघडताना 'आऊट ऑफ व्हिडिओ मेमरी' असा संदेश येऊन सगळं बंद पडायचं. लोकांनी ड्रायव्हर बदलले, कार्डं बदलली. कार्डात भरपूर मेमरी मोकळी असतानाही तेच. शेवटी दोष प्रोसेसरचा निघाला. जास्त व्होल्टेज मिळत राहिल्याने ते प्रोसेसर आतून कमकुवत होत होते आणि गेमची माहिती उलगडताना चुका करत होते. इंटेलने ऑगस्ट २०२४ पासून मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांचे) अपडेट दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. संदेशात 'व्हिडिओ मेमरी' होतं, आणि खराब होता प्रोसेसर. तुमचा रायझन आहे, त्यामुळे हा विशिष्ट दोष तुमच्याकडे नाही. संदेश वाचून लगेच निकाल का द्यायचा नाही, एवढ्यासाठी हे सांगितलं.

आता कामाला लागू. पहिलं काम तारखा जुळवण्याचं, त्याला पीसी उघडायचीही गरज नाही. स्टार्ट मेनूत 'रिलायबिलिटी' शोधून 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्ट्री' उघडा. दिवसवार तक्ता दिसेल, लाल फुल्या म्हणजे बिघाड. त्यात 'लाइव्हकर्नलइव्हेंट' नावाच्या नोंदी आणि १४१ किंवा ११७ असे कोड दिसले, तर त्या टीडीआरच्याच नोंदी. विंडोज त्यांच्यासमोर 'हार्डवेअर एरर' असं लिहितं. मला वाटतं, तुमच्या दुकानदाराने हेच वाचून कार्ड गेलं असा निर्णय दिला. ड्रायव्हरच्या चुकीने झालेल्या टीडीआरलाही विंडोज हाच शिक्का मारतं, म्हणून त्या दोन शब्दांवर कार्ड फेकायचं नाही.

पहिली लाल फुली कधीची आहे, ती तारीख कागदावर लिहा. मग सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेट, त्यात अपडेट हिस्ट्री, त्यात ड्रायव्हर अपडेट्स उघडा आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर कोणत्या तारखेला बसला ते पाहा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये, ड्रायव्हरच्या टॅबवर आवृत्ती दिसेल. ती विचित्र दिसते, उदाहरणार्थ ३२.०.१५.७२७०. तिचे शेवटचे पाच अंक घ्यायचे, ५७२७०, म्हणजे एनव्हिडियाच्या भाषेत ५७२.७०. पहिली फुली ड्रायव्हर बसल्यानंतर एक-दोन दिवसांत पडली असेल तर ड्रायव्हरविरुद्धचा पुरावा भक्कम. फुल्या आधीपासूनच चालू असतील आणि ड्रायव्हर मागाहून बदलला असेल, तर ड्रायव्हर बहुतेक सुटला. तुमचा पीसी मध्येच फॉरमॅट झाल्यामुळे जुन्या नोंदी पुसल्या गेल्या असतील. तरी फॉरमॅटनंतरचे चार चांगले दिवस आणि पाचवा वाईट दिवस दिसायला हवेत, आणि आपल्याला पाचवाच हवा आहे.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टीम लॉगही चाळा. ४१०१ क्रमांकाची नोंद म्हणजे डिस्प्ले ड्रायव्हर अडकला आणि सावरला. कर्नल-पॉवर ४१ दिसली की लोक घाबरतात. तिचा अर्थ फक्त एवढाच की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला. लाइट गेली तरी ती येते. 'व्हीया-लॉगर'च्या नोंदी दिसल्या तर मात्र थांबा. त्या प्रोसेसर, मदरबोर्ड किंवा कार्डाच्या स्लॉटकडून आलेल्या चुका असतात, आणि त्या ढिगाने असतील तर ड्रायव्हरमागे वेळ घालवू नका, खाली एसएमपीएस आणि रॅमविषयी लिहिलंय तिकडे वळा.

दुसरा प्रश्न: कोसळतो तो कधी? निदानाच्या दृष्टीने मला हा प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि दुकानात तो सहसा कुणी विचारत नाही. एक्स्पोर्ट लावल्यावर, कार्ड पूर्ण जोरात असताना, दहा-पंधरा मिनिटांनी कोसळत असेल तर मी आधी उष्णता आणि वीजपुरवठा पाहीन. ब्राउझरमध्ये व्हिडिओ पाहताना, टाइमलाइन नुसती सरकवताना, दुसरा मॉनिटर जोडताना, पीसी स्लीपमधून उठताना, थोडक्यात कार्ड निवांत असताना किंवा निवांत आणि जोरात यांच्यामध्ये ये-जा करत असताना कोसळत असेल, तर ड्रायव्हरवरचा माझा संशय दुप्पट होतो. त्या ये-जा करण्यात घड्याळाचा वेग, व्होल्टेज, मेमरीचा वेग सगळं ड्रायव्हर बदलत असतो, आणि ड्रायव्हरच्या कितीतरी चुका नेमक्या तिथे असतात. फक्त एकाच सॉफ्टवेअरमध्ये कोसळत असेल आणि बाकी तासन्‌तास काही होत नसेल, तर ते सॉफ्टवेअर आणि ड्रायव्हर यांची जोडी जमत नाही असं धरा. अशा वेळी त्या सॉफ्टवेअरचा अपडेट पाहा आणि डिस्क क्लीनअपमधून 'डायरेक्टएक्स शेडर कॅश' (ग्राफिक्ससाठी आधीच तयार करून साठवलेल्या फाइली) साफ करा. खराब झालेला कॅश नवीन ड्रायव्हरलाही गोत्यात आणतो.

तिसरी परीक्षा ड्रायव्हरला पूर्ण बाजूला ठेवायची. पीसी चालू करताच, विंडोज यायच्या आधी, बायोसच्या (मदरबोर्डमधल्या सुरुवातीच्या सॉफ्टवेअरच्या) स्क्रीनवर रंगीत ठिपके, रेघा, चौकटी दिसतात का? दिसत असतील तर तिथे एनव्हिडियाचा ड्रायव्हर अजून उठलेलाच नाही, त्यामुळे दोष कार्ड, केबल किंवा मॉनिटरचा. केबल आणि मॉनिटर बदलून पाहा, तरी राहिले तर कार्डाची मेमरी किंवा चिप गेली. तुमच्या बाबतीत असं काही तुम्ही लिहिलेलं नाही, ही चांगली खूण.

मग सेफ मोड. शिफ्ट दाबून रीस्टार्टवर क्लिक करा. ट्रबलशूट, अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रीस्टार्ट, आणि ४ दाबा. सेफ मोडमध्ये विंडोज कंपनीचा ड्रायव्हर न लावता मायक्रोसॉफ्टचा साधा डिस्प्ले ड्रायव्हर वापरतं. तिथे तासभर फाइली उघडा-मिटा. तिथेही कोसळला तर ग्राफिक्स ड्रायव्हर निर्दोष. नाही कोसळला तर ड्रायव्हरवरचा संशय वाढला, पण सिद्ध झाला नाही, कारण सेफ मोडमध्ये कार्डावर ताणही येत नाही. आणि दोन सूचना, नाहीतर अडकाल. सेफ मोडमध्ये कधीकधी पिन चालत नाही, तेव्हा मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड हाताशी ठेवा. डिस्क एनक्रिप्ट असेल तर विंडोज बिटलॉकरची रिकव्हरी की मागू शकतं. ती खात्यावर जतन आहे का, ते आधी बघून घ्या. तुमच्या सगळ्या ग्राहकांच्या लग्नाच्या फाइली त्या पीसीत आहेत, त्यामुळे हे करण्यापूर्वी त्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. ज्याने मुहूर्ताच्या क्षणांचं शूटिंग तुमच्या भरवशावर सोडलंय, त्याला ते दुसऱ्यांदा मिळणार नाही.

कुणी सांगेल, कार्ड काढून मदरबोर्डच्या डिस्प्लेवर चालवून पाहा. रायझन ५ ३६०० मध्ये अंगभूत ग्राफिक्स नाही, त्यामुळे मदरबोर्डच्या पोर्टमधून काहीच दिसणार नाही. ओळखीच्या कुणाचं चालतं कार्ड दोन दिवस मिळालं तर ती परीक्षा उत्तम. तुमचं कार्ड त्यांच्या पीसीत लावून पाहणं त्याहून उत्तम.

आता खरी दुरुस्ती. सगळ्यात सोपं आधी: डिव्हाइस मॅनेजर, डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स, कार्डाच्या प्रॉपर्टीज, ड्रायव्हर, 'रोल बॅक ड्रायव्हर'. ते बटण दाबता येत असेल तर दाबा, पीसी रीस्टार्ट करा. शटडाऊन करून पुन्हा चालू करू नका, रीस्टार्टच करा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाऊनमध्ये कर्नल पूर्ण बंद होत नाही, त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि तीच पुन्हा उठते. रीस्टार्टमध्ये सगळं नव्याने सुरू होतं.

रोल बॅकचं बटण फिकट असेल, किंवा करूनही फरक पडला नाही, तर ड्रायव्हर मुळापासून काढायचा. साध्या अनइन्स्टॉलने फाइली, रजिस्ट्रीच्या (विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्याच्या) नोंदी आणि विंडोजच्या ड्रायव्हर साठ्यातल्या प्रती मागे राहतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, सगळे त्याला डीडीयू म्हणतात, हे फुकट मिळणारं साधन वापरा. क्रम चुकवू नका. हवा असलेला ड्रायव्हर एनव्हिडियाच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा. डीडीयूसुद्धा उतरवून ठेवा. रीस्टोअर पॉइंट बनवा, म्हणजे बिघडलं तर आधीच्या स्थितीत परत येता येईल. मग इंटरनेटची केबल काढा, वायफाय बंद करा. हे महत्त्वाचं आहे. नेट चालू राहिलं तर जुना ड्रायव्हर निघता क्षणी विंडोज अपडेट आपला ड्रायव्हर घुसवतं आणि तुम्ही होतात तिथेच येता. सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवा, 'क्लीन अँड रीस्टार्ट' निवडा. विंडोज नेहमीसारखं उघडलं, स्क्रीन मोठी आणि धूसर दिसली की उतरवलेला ड्रायव्हर बसवा. बसवताना फक्त ग्राफिक्स ड्रायव्हर घ्या, सोबतचं अ‍ॅप आत्ता नको. पुन्हा रीस्टार्ट, मग नेट जोडा.

कोणता ड्रायव्हर घ्यायचा? तुमचं काम एडिटिंगचं, त्यामुळे एनव्हिडियाच्या 'गेम रेडी' या गेमसाठीच्या ड्रायव्हरऐवजी स्टुडिओ ड्रायव्हर घ्या. कार्ड तेच, पण स्टुडिओ ड्रायव्हर सावकाश येतो आणि एडिटिंगच्या सॉफ्टवेअरवर तपासून येतो. सगळ्यात नवा घ्यायलाच हवा असं नाही. ज्या आवृत्तीवर तुमचे ते चार दिवस चांगले गेले ती कळली तर तीच घ्या, नाहीतर बिघाड सुरू होण्यापूर्वीच्या काही महिन्यांतली एक. जुन्या आवृत्त्या एनव्हिडियाच्या साइटवर मिळतात. दुसरीकडून उतरवू नका, आणि 'ड्रायव्हर अपडेटर' नावाने विकली जाणारी सॉफ्टवेअरं पीसीत घेऊच नका. त्यांनी भलत्याच मॉडेलचा ड्रायव्हर बसवल्याचे कितीतरी पीसी माझ्याकडे येतात.

विंडोजने पुन्हा लुडबूड करू नये म्हणून कंट्रोल पॅनलमध्ये 'डिव्हाइस इन्स्टॉलेशन सेटिंग्ज' शोधा आणि 'नो' करा. विंडोज प्रो असेल तर ग्रुप पॉलिसीमध्ये विंडोज अपडेटबरोबर ड्रायव्हर देऊ नयेत अशी तरतूद आहे, ती जास्त खात्रीची. आणि दुकानदाराला एवढं विचारा की त्याने कोणतं विंडोज टाकलं. हल्ली बरेच जण कुणीतरी कापून हलकं केलेलं विंडोज टाकतात, त्यातून कुठले भाग काढलेत याचा पत्ता नसतो. तसं असेल तर मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून घेतलेलं मूळ विंडोज टाकल्याशिवाय पुढची कुठलीही परीक्षा विश्वासाची नाही.

यानंतर थांबायचं. एका वेळी एकच बदल. ड्रायव्हर बदलला, त्याच दिवशी रॅमही पुसली आणि थर्मल पेस्टही लावली, तर बरं झालं तरी कशाने झालं ते कधीच कळणार नाही, आणि पुढच्या वेळी तुम्ही पुन्हा अंधारात. आधी दर दोन दिवसांनी कोसळत असेल तर निदान आठवडाभर तरी नेहमीच्या ताणाखाली काम करा. दोन दिवस शांत गेले म्हणजे बरं झालं, असं धरू नका.

ड्रायव्हर बदलूनही एखाददुसरा टीडीआर येत राहिला, तर ड्रायव्हरच्या आजूबाजूच्या गोष्टी एकेक करून बंद करा. सेटिंग्जमध्ये ग्राफिक्सखाली 'हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेटेड जीपीयू शेड्युलिंग' बंद करा. आफ्टरबर्नरसारख्या साधनाने कार्डाचा वेग वाढवला असेल किंवा व्होल्टेज कमी केलं असेल तर सगळं मूळ स्थितीत आणा, कंपनीने कारखान्यातच वेग वाढवून दिलेलं कार्ड असेल तर ५० मेगाहर्ट्झ कमी करून पाहा. तेवढ्याने थांबलं तर कार्ड म्हातारं होतंय, पण अजून पुष्कळ काम देईल. ब्राउझरमधलं हार्डवेअर अ‍ॅक्सेलरेशन आणि स्क्रीनवर आकडे दाखवणारे ओव्हरलेही बंद.

तुम्हाला कुणीतरी रजिस्ट्रीत 'टीडीआरडिले' वाढवायला सांगेलच. त्याने तो २ सेकंदांचा नियम १० किंवा ६० सेकंदांचा होतो. मायक्रोसॉफ्टच्या मते ही नोंद तपासणी आणि विकासकामासाठी आहे. काही थ्री-डी सॉफ्टवेअर खरोखरच लांब गणितं करतात आणि ती वाढवायला स्वतःच सांगतात, तिथे ठीक. पण तुमच्याकडे कार्ड अडकतंय की नुसतं उशीर करतंय, हेच अजून ठरलेलं नाही. अडकत असेल तर वाढवून एवढंच होईल की काळी होण्याआधी स्क्रीन दोनऐवजी दहा सेकंद गोठून राहील. शेवटपर्यंत हात लावू नका.

आता, ड्रायव्हर निर्दोष निघाला तर. माझा पहिला संशय एसएमपीएसवर, आणि आपल्याकडे तो फार वेळा खरा ठरतो. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला, ४५० वॉट लिहिलेला एसएमपीएस तेवढे वॉट देतोच असं नाही. तुमचं कार्ड १२५ वॉटचं आहे. स्लॉटमधून ७५ आणि आठ पिनच्या केबलमधून १५० वॉटपर्यंत ते घेऊ शकतं. पण कार्डाची मागणी सरळ रेषेत नसते, क्षणार्धात वर उसळते, आणि हलका एसएमपीएस त्या क्षणी वाकतो. आठ पिनची केबल जुन्या हार्ड डिस्कच्या कनेक्टरवरून जोडपिन लावून काढलेली असेल तर ती आजच बदला. यूपीएसही तपासा. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेल्यावर शुद्ध साइन वेव्ह देत नाहीत, आणि काही चांगले एसएमपीएस अशा विजेवर पीसी बंद करतात. गावाकडे किंवा वाड्यावस्तीवर लाइट सारखी ये-जा करत असेल, तर बिघाडाच्या वेळा आणि लाइटच्या वेळा जुळतात का ते लिहून ठेवा.

उष्णतेसाठी एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर चालू ठेवून एक्स्पोर्ट लावा. तुमच्या कार्डाला ताणाखाली ७० ते ८० अंश ठीक, ८५ च्या वर जात असेल तर धूळ आणि पेस्ट पाहा. ब्लोअरने साफ करताना पंख्याची पाती बोटाने धरा, मोकळी फिरवू नका. कोकणात असाल तर स्लॉटचे आणि रॅमचे सोनेरी दात दमट हवेने काळवंडतात. खोडरबरने हलक्या हाताने पुसणं हा जुना उपाय आहे आणि तो खरा आहे. रॅमसाठी बायोसमध्ये एक्सएमपी (रॅमचा वेग वाढवणारी सेटिंग) बंद करून दोन दिवस चालवा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं साधन लावा. त्यात एकही चूक आली तरी रॅम बदलायची.

कार्ड सेकंडहँड घेतलं असेल तर सांगा, कारण मग गोष्ट वेगळी. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाने कार्डांवरचं मायनिंग (कार्डं राबवून चलन कमावणं) संपवलं आणि त्यातली कार्डं बाजारात ओतली गेली. त्यांतल्या बऱ्याच एएमडी कार्डांचं बायोस बदललेलं होतं. असं कार्ड मूळ ड्रायव्हरला नीट बोलत नाही, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ येतो, आणि लोक वर्षभर ड्रायव्हर बदलत बसतात. जीपीयू-झेड हे छोटं सॉफ्टवेअर कार्डाची खरी ओळख दाखवतं, नाव बदलून विकलेलं बनावट कार्ड असेल तर नावापुढे तसं लिहितं. सेकंडहँड कार्ड घेताना ते तिथल्या तिथे चालवून पाहा.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांसाठी दोन गोष्टी. लॅपटॉप असेल तर आधी लॅपटॉपच्या कंपनीने दिलेला ड्रायव्हर घ्या, कारण इंटेल किंवा एएमडीचं अंगभूत ग्राफिक्स आणि वेगळं कार्ड यांची अदलाबदल तिथे कंपनीने आपल्या पद्धतीने बसवलेली असते. दोन्हींचे ड्रायव्हर जोडीने बदलावे लागतात. आणि ऑफिसांत अजून दिसणारी जीटी ७१०, जीटी ७३० ही बहुतेक केप्लर पिढीतली कार्डं. त्यांना एनव्हिडियाने २०२१ नंतर नेहमीचे ड्रायव्हर देणं थांबवलं. जीटीएक्स ७५० टीआय आणि जीटीएक्स १० मालिकेचंही ऑक्टोबर २०२५ पासून तेच झालं, फक्त सुरक्षेचे अपडेट मिळतील. अशा कार्डांवर नव्या ड्रायव्हरची वाट पाहण्यात अर्थ नाही. जो शेवटचा चांगला चालला तो जपून ठेवा. तुमचं १६६० सुपर ट्युरिंग पिढीतलं आहे, या यादीत येत नाही.

सगळं करून कार्डच दोषी ठरलं, म्हणजे दुसऱ्याच्या पीसीतही तसंच कोसळलं, तर आधी सीरियल नंबर टाकून वॉरंटी पाहा. काही कंपन्या तीनपेक्षा जास्त वर्षं देतात आणि बिलापेक्षा सीरियल नंबरवर चालतात. हीट गन मारून कार्ड 'जिवंत' करून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. गरम केल्याने ते काही दिवस चालतं, मग जातं, आणि वॉरंटीचा दावाही जातो.

तुमच्यासाठी उद्याचं काम एवढंच: फाइलींचा बॅकअप, रिलायबिलिटी हिस्ट्रीतली पहिली लाल फुली, ड्रायव्हर बसल्याची तारीख, आणि कोसळला तेव्हा कार्ड निवांत होतं की जोरात. या चार गोष्टी आणि विंडोजच्या फोल्डरमधल्या 'मिनीडम्प'मधली, म्हणजे निळ्या स्क्रीनच्या नोंदींमधली, सगळ्यात ताजी फाइल पाठवा. एसएमपीएसच्या बाजूला चिकटवलेल्या लेबलचा फोटोही त्याबरोबर हवा, बारा व्होल्टच्या ओळीतले अँपिअर स्पष्ट वाचता येतील असा.